जो पाय नाही, तो का दुखतो?

२०१६ च्या नोव्हेंबरात आमच्या आप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कायमचं मुक्कामाला असलेलंच : मधुमेह. चपलेचा खिळा वर आला होता, तो टाचेत रुतत होता आणि आप्पांना त्याचा पत्ताच नव्हता. वीस वर्षांच्या साखरेनं तळपायाची संवेदना केव्हाच गेली होती. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं की पाय वाचवायला गेलो तर माणूस जाईल. मी न्यू जर्सीहून सांगलीला पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते.

त्याच आठवड्यातली एक रात्र. मी हॉस्पिटलात आप्पांच्या उशाशी बसलो होतो. ते जागे झाले आणि म्हणाले, "अंगठ्यात कळ येतीय रे. जरा दाबतोस का?" मी डाव्या पायाचा अंगठा दाबू लागलो. "हा नव्हे. तो." मी पांघरुणाकडे पाहिलं. जिथं ते सपाट झालं होतं तिथं आप्पा बोट दाखवत होते.

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "आप्पा, तिथं पाय नाहीये आता. मग तो दुखेल कसा? भास आहे तो. झोपा तुम्ही." आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही.

मी परत आलो. दर रविवारी फोन व्हायचा. "कसं काय आप्पा?" "झकास." असे आठ महिने गेले. मग एका रविवारी फोन आईनं उचलला. आदल्या रात्री आप्पा बाथरूमला जायला म्हणून उठले, सवयीनं उजवा पाय खाली टेकवला आणि तोंडावर आपटले. मनगट मोडलं. बोलता बोलता आईला रडू फुटलं. "अरे, ह्यांना तो पाय आहे असंच वाटतं. रोज रात्री कळा येतात, उशी आवळून बसतात. तुला सांगू नको म्हणाले. पोराला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

वाचकहो, हा लेखप्रपंच त्या वाक्यामुळे. आपल्या मंडळात मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात आणि गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी हमखास रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी की रात्री असं विचारतंच. त्यांना मी दरवर्षी सांगतो की माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगची आहे आणि पोट भरतो ते सॉफ्टवेअर लिहून. तेव्हा हा वैद्यकीय सल्ला नव्हे. वडिलांना 'भास' म्हणून गप्प बसवल्यावर मला वर्षभर जे वाचावं लागलं, डॉक्टरांना विचारावं लागलं, त्याचा हा हिशेब आहे.

जुनंच दुखणं, नवं नाव

पहिली गोष्ट कळली ती अशी की आप्पा अजिबात एकटे नव्हते. हात किंवा पाय गेलेल्या बहुतेक सगळ्यांना तो अवयव जागेवर असल्याचं जाणवत राहतं. तो गार पडतो, गरम होतो, त्याला खाज सुटते, मुंग्या येतात. कुणाला गेलेल्या बोटातली अंगठीसुद्धा जाणवते. काहींच्या बाबतीत तो अवयव हळूहळू आखूड होत जातो आणि शेवटी पंजा थेट गुडघ्याला चिकटल्यासारखा वाटतो. ही झाली नुसती जाणीव. पण निम्म्याहून अधिक लोकांना तिथं वेदनाही होते : भाजल्यासारखी, विजेच्या झटक्यासारखी, पेटका आल्यासारखी. इंग्रजीत ह्याला 'फॅन्टम लिंब पेन' म्हणतात. फॅन्टम म्हणजे भूत. आपण 'नसलेल्या अवयवाचं दुखणं' म्हणू. स्टंप, म्हणजे उरलेला भाग, दुखणं हे ह्याहून वेगळं. त्याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

अँब्रोझ पारे ह्या फ्रेंच युद्धसर्जननं सोळाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. हातपाय कापलेले सैनिक, कापून बरेच दिवस झाल्यावरही, गेलेला भाग दुखतो म्हणतात, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण ह्या प्रकाराला आजचं नाव मिळालं ते आमच्या घरापासून तासा-दीड तासावर असलेल्या फिलाडेल्फियात. अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ ह्या काळात, हजारो सैनिकांचे हातपाय कापले गेले. सायलस वेअर मिचेल हा डॉक्टर तिथल्या टर्नर्स लेन हॉस्पिटलात मज्जातंतूंच्या जखमा झालेले सैनिक तपासत असे. त्याला दिसलं की जवळजवळ प्रत्येक जण नसलेला अवयव बरोबर घेऊन हिंडतोय. तरी १८६६ साली त्यानं हा विषय प्रथम मांडला तो वैद्यकीय नियतकालिकात नव्हे, तर 'अटलांटिक मंथली'मध्ये, एका काल्पनिक सैनिकाची कथा म्हणून आणि तीही निनावी. लोकांना ती इतकी खरी वाटली की काहींनी त्या सैनिकासाठी पैसे गोळा केले! पुढे १८७१ साली मिचेलनं स्वतःच्या नावानं लेख लिहून 'फॅन्टम लिंब' हा शब्द रूढ केला.

कोपर आणि घंटा

आता मुख्य प्रश्न. पाय नाही, तर दुखतं काय?

वाचता वाचता एक प्रयोग आठवा, सगळ्यांनी नकळत केलेला. कोपर दाराच्या कडेवर आपटतं आणि झिणझिण्या येतात त्या करंगळीत. करंगळीला तर काहीच लागलेलं नसतं. कोपरापाशी एक मज्जातंतू हाडावरून, अगदी कातडीखालून जातो. तो करंगळीकडून आलेला असतो. त्याला मध्येच धक्का बसला तरी मेंदूपर्यंत संदेश जातो तो 'करंगळी' असाच, कारण ती तार करंगळीची आहे. संदेश तारेच्या कुठल्या टप्प्यावर सुरू झाला हे मेंदूला कळायला मार्ग नाही.

आमच्या सांगलीच्या घरी फाटकाला घंटेचं बटण होतं आणि घंटा स्वैपाकघरात. रस्ता रुंद करताना फाटक पाडलं, वायर तशीच लोंबत राहिली. पावसात तिची दोन टोकं एकमेकांना चिकटली की घंटा वाजायची आणि आई म्हणायची, "फाटकाशी कोण आलंय बघा." आता फाटक नव्हतं हे खरं. पण घंटा वाजत होती हेही तितकंच खरं. आईला भास होत नव्हता.

पायाचंही बरंचसं असंच होतं. पाय कापला तरी त्याचे मज्जातंतू मांडीतून, कमरेतून मज्जारज्जूपर्यंत शाबूत असतात. कापलेलं टोक पुन्हा वाढायचा प्रयत्न करतं. पुढे जायला वाट नसते, म्हणून तिथं तंतूंची गाठ होते. ती गाठ दाबली की, आणि कधी कधी काही न होताही, संदेश पाठवत राहते. मज्जारज्जूच्या शेजारी ह्या तंतूंच्या पेशींचे पुंजके असतात, तेही स्वतःहून संदेश सोडू लागतात. असे संदेश सतत आले की मज्जारज्जू अधिक हळवा होतो. रेडिओचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवावा, मग साधी खरखरही कानठळ्या बसवते, तसं.

म्हणजे पाय होता तेव्हा साखरेनं मुके झालेले तंतू खिळा रुतला तरी बोलले नाहीत, आणि पाय गेल्यावर त्यांच्या उरलेल्या भागानं आरडाओरडा सुरू केला. आप्पा एकदा म्हणाले होते, "होता तेव्हा दुखला असता तर गेला नसता." सगळं शास्त्र वाचून झाल्यावरही ह्या वाक्यात भर घालण्यासारखं मला काही सापडलेलं नाही.

मेंदूतला नकाशा

पण घंटा आणि वायर एवढ्यावर भागत नाही. जन्मतःच हात किंवा पाय नसलेल्या काही माणसांनाही तो अवयव जाणवतो. तिथं तर तुटलेली वायरच नाही. तेव्हा शरीराचं काहीएक चित्र मेंदूत आधीपासून असलं पाहिजे.

तो नकाशा वाइल्डर पेनफील्ड ह्यांनी माँट्रियलमध्ये शोधला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे रुग्ण जागा ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. अशा वेळी ते मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य स्पर्श करत आणि रुग्णाला विचारत, "कुठं जाणवलं?" १९३७ साली एडविन बोल्ड्री ह्यांच्याबरोबर त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या एका पट्ट्यावर सगळं शरीर मांडलेलं आहे : वर मध्याशी पाऊल, मग पाय, धड, हात, पंजा, आणि पंजाला लागून चेहरा.

हा शेजार महत्त्वाचा ठरला. १९९१ साली टिम पॉन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या माकडांच्या हाताचे संवेदनेचे तंतू बऱ्याच वर्षांपूर्वी तोडले होते, त्यांच्या मेंदूतली हाताची जागा आता चेहऱ्याला स्पर्श केल्यावर जागी होते. हे वाचून सॅन डिएगोच्या विद्यापीठातले विलयनूर रामचंद्रन ह्यांना एक साधी कल्पना सुचली. मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेला हा माणूस. हात जाऊन जेमतेम चार आठवडे झालेल्या एका तरुणाचे डोळे बंद करून त्यांनी त्याच्या गालाला कापसाचा बोळा लावला. तरुण म्हणाला, गालाला लागलं, आणि माझ्या गेलेल्या अंगठ्यालाही. १९९२ च्या सुमाराचं हे काम. मुंबईत राहिलेल्याला ते समजावून सांगायला नको. चाळीतली खोली रिकामी झाली की शेजारी आधी तिथं ट्रंक ठेवतो, मग खाट टाकतो. हेर्टा फ्लोर ह्यांच्या जर्मनीतल्या गटानं १९९५ मध्ये मांडलं की हे अतिक्रमण जितकं मोठं तितकी वेदना जास्त.

मला हे स्पष्टीकरण फारच आवडलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो, मोकळी झालेली मेमरी दुसऱ्याला देऊन टाकतो. पण आपल्याला आवडलं म्हणून निसर्ग तसा वागत नाही. टामार मेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की गेलेला हात 'हलवायला' सांगितलं तर मेंदूतली हाताची जागा अजूनही कामाला लागते. त्याहून पक्का पुरावा २०२५ मध्ये आला. ज्यांचा हात काढावा लागणार होता अशा तिघांच्या मेंदूची चित्रं त्यांनी ऑपरेशनच्या आधी घेतली, आणि नंतर पुन्हा, एकाच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत. हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा होता. आधीच्या चित्रांवर शिकवलेला संगणकाचा प्रोग्रॅम नंतरच्या चित्रांवरून नसलेलं कुठलं बोट हलतंय हे ओळखू शकला. म्हणजे शेजाऱ्यानं खोली बळकावलीच नव्हती. मालक आत होता. गालाच्या स्पर्शाचं काय, वेदना नक्की कुठून उठते, ह्यावर वाद चालू आहेत. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे : ही वेदना वेडेपणातून किंवा दुबळ्या मनातून येत नाही, ती मज्जासंस्थेतून येते.

सांगलीतला आरसा

२०१७ च्या दिवाळीला मी पाच आठवड्यांची रजा काढून सांगलीला गेलो. पहिल्या संध्याकाळी आप्पांजवळ बसलो आणि म्हणालो, "आप्पा, मी चुकलो. तुमचा पाय दुखतो हे खरं आहे. कसा दुखतो ते सांगा मला." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग जे बोलू लागले ते जेवणाची ताटं वाढून गार होईपर्यंत. आप्पांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली होती. ते म्हणाले, "पंजा पुढं दाबलेला आहे, बोटं आत वळलेली. घाटात ब्रेकवर पाय ठेवलाय आणि कुणी काढूच देत नाही, असं."

असं अडकून बसणं पुष्कळांना होतं. रामचंद्रन ह्यांनी त्यावर जो उपाय काढला तो इतका स्वस्त आहे की इंजिनिअर म्हणून मला लाज वाटली. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा आरसा बसवायचा. त्यात चांगला हात असा धरायचा की प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसावं. चांगला हात हलवला की डोळ्यांना दोन्ही हात हलताना दिसतात. त्यांची कल्पना अशी : मेंदू गेलेल्या अवयवाला 'हल' असा हुकूम पाठवत राहतो, पोच मिळत नाही म्हणून अधिक जोरात पाठवतो, आणि पेटका सुटत नाही. आरसा डोळ्यांवाटे ती पोच देतो. हेच खरं कारण आहे का, हे अजून ठरलेलं नाही. पण वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलात पाय गेलेल्यांवर झालेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरशात पाहणाऱ्या सहाच्या सहा जणांची वेदना कमी झाली. आरसा कापडानं झाकलेल्या सहांपैकी फक्त एकाची. आकडे लहान आहेत आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत यश इतकं ठळक नाही. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, काहींना सुरुवातीला गरगरतं.

आमच्या डॉक्टरांना विचारून मी गावातल्या फ्रेमवाल्याकडून साडेतीन फुटी आरसा आणला. पलंगावर आप्पांच्या दोन पायांमध्ये तो आडवा उभा केला, उजवा स्टंप आरशामागे. डावं पाऊल आरशात उजवं होऊन दिसू लागलं. आप्पा टक लावून पाहत राहिले. "क्लचचा पाय ब्रेकवर आला म्हणायचा!" मग त्यांनी डावा पंजा सावकाश वर उचलला, खाली टेकवला, पुन्हा उचलला. पहिले नऊ दिवस काही झालं नाही आणि मी मनातून खचलो. दहाव्या दिवशी ते एकदम म्हणाले, "सुटला. ब्रेक सुटला." पाच-सात मिनिटांतच पंजा पुन्हा आवळला. पण सुटू शकतो हे कळलं होतं. पुढे रोज रात्रीच्या कळा आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आल्या. पूर्ण गेल्या नाहीत, आणि त्यात आरशाचा वाटा किती, गोळ्यांचा किती, कृत्रिम पायावर चालू लागल्याचा किती, आणि पोरानं ऐकून घेतलं त्याचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

आपण काय करावं

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील तिकडे आहेत आणि मधुमेह घरोघरी आहे. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी.

दुखतं म्हटलं की विश्वास ठेवा, आणि डॉक्टरांना 'नसलेला पाय दुखतो' असं स्पष्ट शब्दांत सांगा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या ह्या दुखण्याला बहुधा पुऱ्या पडत नाहीत. मज्जातंतूंवर काम करणारी गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं काहींना उपयोगी पडतात, पण ती वयस्कर माणसांना गुंगी आणू शकतात, तेव्हा डॉक्टरांखेरीज नको. दुखणं अचानक वाढलं किंवा स्टंप लाल झाला, सुजला, तर 'ते नेहमीचंच' म्हणून सोडू नका. तिथं खरोखरीची गाठ किंवा जंतुसंसर्ग असू शकतो.

ऑपरेशन व्हायचं असेल तर सर्जनना कापलेल्या तंतूंचं काय करणार हे विचारा. शिकागोत टॉड कुइकेन आणि ग्रेगरी डुमेनियन ह्यांनी २००२ मध्ये कापलेले तंतू जवळच्या स्नायूंना जोडायला सुरुवात केली, ती कृत्रिम हात चालवता यावा म्हणून. पुढे असं दिसलं की त्यानं वेदनाही कमी होते. लोंबणाऱ्या वायरीला जोडायला जागा मिळाली, म्हणा ना. ही सोय सगळीकडे नाही, पण विचारायला हरकत नाही.

रात्री पलंगाशी दिवा आणि कुबड्या हाताशी ठेवा. अर्धवट झोपेत माणूस गेलेल्या पायावर उभा राहायला जातो, आणि उरलेल्या हाडांना ते परवडत नाही. आणि जो पाय शाबूत आहे त्याचा तळवा रोज पाहा. स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्या कुणी पाहावा. चपला घालण्यापूर्वी आत हात फिरवा. आमच्याकडे खिळा कुणी पाहिलाच नाही.

आप्पा आता त्र्याऐंशीचे आहेत. रविवारच्या फोनवर मी 'कसं काय' विचारायचं सोडून दिलंय, कारण त्याचं उत्तर 'झकास' हेच असतं. मी विचारतो, "उजवा पाय काय म्हणतोय?" मग ते सांगतात : या आठवड्यात पाऊस होता, दोन रात्री आवळला होता, काल आरसा घेऊन बसलो. मला न्यू जर्सीत बसून त्यावर काही करता येत नाही. पण ते सांगतात.